पाटीची सावली

जत तालुक्यातल्या त्या गावाची आठवण निघाली की अजून माझी कानशिलं तापतात. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

मी वाईची. घराच्या मागच्या दारातून कृष्णेचा घाट दिसायचा. पाणी ही डोक्यावरून वाहून आणायची गोष्ट असते, हे साताऱ्यात बी.एस्सी. करून नोकरीला लागेपर्यंत मला फक्त ऐकून ठाऊक होतं. आमच्या संस्थेच्या शाळा सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत होत्या. सत्तरचं दशक सरत आलं असताना संस्थेनं मला विज्ञान शिकवायला थेट कर्नाटकाच्या सीमेवर पाठवलं. तिथे अर्धं गाव घरात कानडी बोलायचं आणि सगळं गाव पाण्याबद्दल बोलायचं. विहीर होती, आटतही नसे, पण उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जाई की दोर ओढून ओढून बायांच्या तळव्यांना कायमचे घट्टे पडलेले. शाळेतल्या आठवीच्या मुलींचे हातसुद्धा तसेच. खडू धरलेला माझा हात मला त्यांच्यापुढे न्यायला लाज वाटायची.

त्या गावात उन्हावर चालणारी मोटर आली. पुण्याच्या कुठल्याशा संशोधन संस्थेचा तो प्रयोग होता आणि आमच्या सरपंचांनी खटपट करून तो गावात आणला होता. हे श्रेय त्यांचंच, ते मी कधी नाकारलं नाही. विहिरीजवळ रस्त्याच्या कडेला लोखंडी सांगाड्यावर काळ्यानिळ्या सहा काचा बसल्या, तीन वर, तीन खाली, तोंड दक्षिणेकडे. ऊन काचांवर पडायचं, त्याची वीज व्हायची, त्या विजेवर विहिरीतली मोटर फिरायची आणि पाणी वरच्या छोट्या टाकीत पडायचं. तेव्हा अशा काचा मी पुस्तकातही पाहिल्या नव्हत्या. गावात वीज यायची होती, अजून आलेली नव्हती, आणि इथे उन्हातून पाणी येत होतं.

बसवायला आलेला इंजिनिअर तरुण होता, मृदू बोलायचा. मी विज्ञानाची बाई म्हणून त्याने मला सगळं समजावून सांगितलं. काम सुरू करण्याआधी त्याने जवळच्या कडुनिंबाची एक फांदी उतरवून घेतली. सरपंच म्हणाले, एवढ्याशा सावलीने काय होतंय. तेव्हा तो सरपंचांच्या देखत म्हणाला, "या काचा एकसर जोडल्यात. एका काचेतून निघालेली वीज दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी सहाही पार करून मोटरला जाते. एक काच झाकली की वाट अडली. बाकीच्या पाच उन्हात असल्या तरी उपयोग नाही."

हे सरपंचांनी ऐकलं होतं. मी तिथे उभी होते, म्हणून सांगते.

काचांवरची धूळ रोज पुसायला आणि मोटरची कळ दाबायला कुणीतरी हवं होतं. थोडं मानधन होतं. ते काम एका धनगर बाईला मिळालं. तिला नवऱ्याने टाकलेलं होतं आणि ती भावाच्या आसऱ्याला राहायची. माझ्याहून वयाने थोडी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. ती काचा अशा पुसायची की जशी काही लेकरांची तोंडं. आधी कोरड्या फडक्याने, मग ओल्या. कावळा बसला तर लांबून खडा मारायची, तोही काचेला लागणार नाही असा बेताने. चैत्रात मोटर सुरू झाली आणि टाकीच्या तोटीखाली पहिली घागर अक्कानेच धरली. बाया तोटीला हात लावून लावून बघत होत्या. त्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या मुली दुपारीसुद्धा शाळेत यायला लागल्या.

उद्घाटनाला जिल्ह्यातले मोठे साहेब आले होते. त्यांचं नाव, सरपंचांचं नाव आणि आणखी पाचसहा नावं रंगवलेली पत्र्याची भली मोठी पाटी दोन लोखंडी खांबांवर उभी केली होती. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून वाचता यावी म्हणून ती रस्ता आणि काचा यांच्या मधोमध होती. म्हणजे काचांच्या बरोबर समोर, दक्षिणेला. चैत्रात सूर्य डोक्यावर असतो. पाटीची सावली पाटीच्या पायाशीच पडायची. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

दिवाळी झाली, सूर्य दक्षिणेला कलला आणि पाटीची सावली दिवसागणिक काचांकडे सरकू लागली. आधी खालच्या रांगेतल्या एका काचेचा कोपरा, मग ती काच, मग दुसरी. सकाळी सूर्य तिरका असे तोवर सावली बाजूला पडे आणि मोटर जेमतेम चाले. दहाच्या सुमाराला सावली काचांवर चढली की मोटर नुसती गुणगुणायची, पाणी यायचं नाही. ऊन रखरखीत असायचं आणि तोटी कोरडी. तिसऱ्या प्रहरी सावली दुसऱ्या बाजूला उतरे, पण तोवर उन्हाचाही जोर गेलेला असे.

आता नेमकं असं की अक्का सकाळी कळ दाबून घरी जायची आणि भाकरी थापून, शेरडं बांधून दहाच्याच सुमाराला काचांपाशी यायची. ती आली की मोटर बंद पडते, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने त्यात भर घातली, की ती काच पुसायला वाकते, तिची सावली काचेवर पडते, म्हणून बंद पडते. नवऱ्याने टाकलेल्या बाईची सावली.

आठ दिवसांत हे गावभर झालं. बायाच बायांना सांगू लागल्या. ज्या बायांनी त्या तोटीला हात लावून पाहिला होता, त्याच अक्का दिसली की घागर दुसऱ्या काखेला घ्यायच्या.

अक्का माझ्या खोलीवर आली. रडत नव्हती. उंबऱ्याशी बसून म्हणाली, "बाई, म्या हात लावायच्या आदीच अडतीया ती. मला दिसतंय की. पर माजं कोन ऐकतंय?"

मी दुसऱ्या दिवशी सुट्टीत जाऊन पाहिलं. पाहायला फार वेळ लागला नाही. साहेबांच्या नावाची चौकोनी सावली खालच्या दोन काचांवर पसरली होती, बाकीच्या चार काचा उन्हात चमकत होत्या आणि मोटर कण्हत होती. मी अक्काला म्हटलं, तू आठ दिवस इकडे फिरकूच नको, कळ मी दाबते, काचा मी पुसते. मला वाटलं, ती नसतानाही मोटर बंद पडली की लोकांचे डोळे उघडतील. मी भाबडी होते. आठ दिवस ती आली नाही आणि आठही दिवस मोटर दहाच्या सुमाराला अडली. लोक म्हणाले, तिची सावली काचेत मुरलीय.

तेव्हा मला कळलं की माणसांना पुरावा नको असतो, माणूस हवा असतो. दोष ठेवायला.

मी सरपंचांना पारावर गाठलं. ते म्हणाले, "बाई, सहातल्या दोन झाकल्या तर चार चालत्यात की. थोडं कमी पानी येईल, पर यील. काईच येत न्हाई म्हंजे दुसरं काईतरी हाय." पाराजवळ दहावीस माणसं बसली होती. मी तिथेच विचारलं, सहाबैली नांगराचा एक बैल खाली बसला तर बाकीचे पाच नांगर ओढतात का? एक म्हातारा हसला. म्हणाला, कुठलं ओढत्यात, खोळंबा हुतो सगळ्यांचा. मी म्हटलं, या काचा तशाच एका साखळीला जुंपल्यात. तीन नांगरांना दोन दोन बैल जुंपले असते तर एक बसल्यावर दोन नांगर चालू राहिले असते. त्याला समांतर जोडणी म्हणतात. ही तशी नाही.

सगळ्यांना कळलं. चेहऱ्यांवर दिसत होतं. सरपंचांनाही कळलं, किंबहुना त्यांना आधीपासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, "म्हंजे सायबाच्या नावाची पाटी काडा म्हंता तुमी?"

हसलेला म्हातारासुद्धा तंबाखू मळत खाली बघायला लागला.

त्या दिवशी मी फार शिकले. आपण समजावून सांगितलं की लोक समजतील, अशा श्रद्धेवर मी मास्तरकी करत होते. इथे न समजलेला एकही माणूस नव्हता.

पुण्याच्या संस्थेला सरपंचांनीच कळवलं होतं. इंजिनिअर आला. मला हायसं वाटलं. सांगाड्यापाशी सरपंच, त्यांची माणसं, मी आणि लांब बाभळीखाली अक्का, असे उभे होतो. त्याने पाटीकडे पाहिलं, काचांकडे पाहिलं. त्याला एका नजरेत सगळं कळलं असणार. मग त्याला खालच्या एका काचेच्या आत तपकिरी डाग दिसला, भाजल्यासारखा. सरपंचांचा पुतण्या लगेच म्हणाला, तिनं निखारा ठेवला असंल, उतारा टाकला असंल. इंजिनिअरने ते ऐकून घेतलं. कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "अभ्यास करावा लागेल."

अभ्यास. कडुनिंबाची फांदी उतरवताना याला अभ्यास लागला नव्हता.

एस.टी.ची वाट बघत तो रस्त्याला उभा होता, तिथे मी त्याला गाठलं. विचारलं, तो डाग कशाचा? तो हळूच म्हणाला, सावलीतली काच वीज करत नाही, उलट बाकीच्यांची वीज तिच्यात अडून ती तापते आणि आतून भाजते. मी म्हटलं, मग हे तिथे का नाही बोललात? तिच्यावर उतारा टाकल्याचा आळ आला, तुम्ही ऐकत उभे राहिलात.

तो म्हणाला, "बाई, पुढच्या गावांची मंजुरी त्याच साहेबांच्या सहीने यायचीय. मी पाटी काढा म्हटलं तर प्रयोगच बंद होईल."

मी विचारलं, जोडणी बदलता येईल का? तीन-तीनचे दोन गट समांतर केले तर? त्याने मान हलवली. तसं केलं तर विजेचा दाब निम्मा होतो, मोटर फिरेल पण एवढ्या खोलातून पाणी वर चढणार नाही. काचा हलवायच्या तर पाया सिमेंटचा. पाटी हलवणं हाच सरळ उपाय. हे सगळं त्याने मला अगदी नीट, सौजन्याने समजावलं. एस.टी. आली. मी त्याला म्हटलं, "तुम्ही अडाणी असता तर मला एवढा राग आला नसता." तो गाडीत चढला. सरपंचांपेक्षाही मला आज त्याचाच राग जास्त येतो. सरपंचांना पाटी हवी होती. त्याला काहीच नको होतं, फक्त अडचण नको होती.

दोन दिवसांनी अक्काला कामावरून काढलं. काचा पुसायला सरपंचांचा पुतण्या आला. मोटर तशीच अडत राहिली, पण आता तिचं कारण कुणी विचारेना. बाया पुन्हा दोर घेऊन विहिरीवर. आठवीच्या दोन मुली शाळेत यायच्या बंद झाल्या. त्यातल्या एकीच्या आईला मी विचारायला गेले तर ती म्हणाली, पानी कोन शेंदणार, तुमी का? प्रश्न बरोबर होता.

जतच्या बाजाराचा दिवस होता. गावातले पुरुष बाजाराला गेलेले. मी मधल्या सुट्टीत डिझेलवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीवर गेले आणि गिरणीवाल्याकडे मोठा पान्हा मागितला. कशाला, असं त्याने विचारलं नाही. पान्हा दिला आणि न मागता रॉकेलची बाटलीही दिली. वाटेत अक्काची वस्ती लागायची. मी तिला फक्त एवढंच म्हटलं, की मी पाटी काढायला चाललेय, तुला यायची गरज नाही, आधीच तुझ्या नावाने खूप झालंय. ती शेरडाला पाला घालत होती. हातातला पाला खाली टाकला आणि निघाली. म्हणाली, "आनखी काय व्हायचं राह्यलंय बाई?"

भर दुपार होती. रस्त्यावरून येणाऱ्या जाणाऱ्याला सगळं दिसत होतं. मला ते तसंच हवं होतं. बोल्ट गंजलेले, रॉकेल ओतूनही हलेनात. माझा पान्हा दोनदा सटकला आणि बोटं सोलवटली. मग अक्काने पान्ह्याच्या दांड्यावर आपला सगळा भार टाकला आणि पहिला बोल्ट करकरत सुटला. विहिरीवरच्या बाया बघत होत्या. एक आली. मग आणखी दोघी. पत्रा जड होता, पाचजणींनी धरून तो खाली उतरवायला लागलो, आणि तो अजून आमच्या हातातच होता तोवर मोटरचा आवाज बदलला. कण्हणं थांबलं, सूर चढला, आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

आनंदाने कुणी ओरडलं नाही. बाया पत्रा जमिनीवर टाकून घागरी आणायला पळाल्या. अक्का आणि मी पाटीपाशी उरलो. अक्का काचांकडे गेली, पदराने त्यांवरची धूळ पुसली. तिची सावली काचेवर पडली तेव्हा मोटर क्षणभर दबली. ती चटकन बाजूला झाली आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. "माजी बी पडती की वं," म्हणाली.

संध्याकाळी सरपंच शाळेवर आले. आरडाओरडा केला नाही. आमच्या मुख्याध्यापकांसमोर बसून म्हणाले, मोठ्या माणसाच्या नावाची पाटी मातीत पाडली, हा गावाचा अपमान आहे, बाईंनी लेखी माफी मागावी. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विनवलं, दोन ओळी लिहून द्या, विषय मिटेल. मी म्हटलं, मी लिहून देते, पण त्याआधी सरपंचांनी पारावर उभं राहून सांगावं की मोटर अक्कामुळे अडत नव्हती. मुख्याध्यापकांनी हा निरोप आत नेला. सरपंच उठून गेले.

महिना संपायच्या आत माझी बदली झाली, खंडाळा तालुक्यात. म्हणजे घरापासून जवळ. लोकांनी अभिनंदन केलं. मुख्याध्यापकांनी नारळ दिला.

मी निघायच्या आधल्या आठवड्यात पाटी पुन्हा उभी राहिली. कुठे, तर काचांच्या मागे, उत्तरेला, आणखी उंच खांबांवर. तिची सावली आता मागच्या पडीक रानात पडायची. नावं आधीपेक्षा लांबून वाचता येत होती. म्हणजे साहेबांचं नाव राहिलं, सरपंचांचं राहिलं, पाणीही आलं. एवढंच तर करायचं होतं. दिवाळीनंतर पहिल्याच आठवड्यात दोन गडी लावून अर्ध्या दिवसात झालं असतं. पण तेव्हा ते बाई म्हणते म्हणून केल्यासारखं झालं असतं. मी गेल्यावर, म्हणजे जाणार हे ठरल्यावर, ते त्यांनी स्वतःच्या मनाने केलं. डागाची काचही पुण्याहून बदलून आली. गावाला सांगण्यात आलं की इंजिनिअरच्या अभ्यासात बिघाड सापडला.

अक्काला काम परत मिळालं नाही. मी जायच्या दिवशी सरपंचांकडे शेवटचं तेवढंच मागितलं होतं. ते म्हणाले, बघू. पुतण्या काचा पुसत राहिला. वाईट पुसत होता.

पुढे एकदा मी काही कामाने सांगलीला गेले असताना ती मला बाजारात भेटली. भावाची मेंढरं घेऊन ती आणि भाऊ कृष्णाकाठच्या उसाच्या रानांत उतरले होते. रानात खतासाठी मेंढरं बसवायची, शेतकऱ्याने धान्य द्यायचं, असं चाललं होतं. ती वाळली होती, पण आवाज तोच. आम्ही एका हॉटेलाच्या बाकड्यावर बसून चहा घेतला. मी विचारलं, गावाला जातेस का? म्हणाली, यात्रेला जाती. पानी येतंय तितं, लय चांगलं येतंय.

मग कप खाली ठेवून तिने विचारलं, "बाई, त्येंनी कवा कुनाला सांगितलं का वं, का माजी सावली न्हवती म्हून?"

मी नाही म्हटलं. ती मान हलवून उठली. मेंढरं भावाच्या एकट्याच्या ताब्यात होती, तिला घाई होती. तोटीवर त्या गावातल्या बाया आजही पाणी भरत असतील, नाहीतर आता नळ आले असतील. पाणी कुणीही भरो. पण यात्रेला अक्का गेली की तिच्याकडे बघून घागर दुसऱ्या काखेला घेणाऱ्या बाया तेव्हाही होत्या, हे तिने मला जाता जाता सांगितलं, आणि ते मी कुणालाही माफ केलेलं नाही.